खडी, काटा आणि काळी माती : रोजच्या सायकलला टायर कोणता घ्यावा?

टायरच्या दुकानात जाण्याआधी एक काम घरी बसून करावं. आपल्या रोजच्या वाटेचे तुकडे पाडावेत. बीड जिल्ह्यात शेतवस्तीवरून तालुक्याला शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा दुकानावर कामाला जाणाऱ्याची वाट सहसा अशी असते : वस्तीपासून गावापर्यंत मुरमाची पांदण, गावात सिमेंटचा रस्ता, गावाबाहेर फाट्यापर्यंत कधीकाळी डांबर पडलेला आणि आता खडी उघडी पडलेला जोडरस्ता, आणि फाट्यापासून पुढं सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 सारखा गुळगुळीत हमरस्ता. आठ-दहा किलोमीटरांत चार प्रकारची जमीन चाकाखाली येते. कागद घ्या आणि प्रत्येक तुकडा अंदाजे किती लांब, ते लिहा. त्यापुढं आणखी दोन गोष्टी लिहा : कोणत्या तुकड्यावर काटे असतात आणि कोणत्या तुकड्यावर पावसाळ्यात चिखल होतो.

बहुतेकांच्या कागदावर हमरस्त्याचा आकडा सगळ्यांत मोठा निघेल आणि मन म्हणेल, की मग टायरही हमरस्त्याचाच घ्यावा, बारीक आणि पळणारा. इथंच थांबा. रोजच्या सायकलचा टायर वाटेच्या सगळ्यांत वाईट तुकड्याकडं बघून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. रुंद टायरमुळं डांबरावर तुमची दोन-चार मिनिटं जातील, फार तर तेवढंच. बारीक टायर मात्र खडीत घसरतो, खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिरडतो, आणि पोरगी शाळेत किंवा माणूस कामावर अर्ध्या तासानं उशिरा पोचतो. पडलं तर त्याहून वाईट.

सायकलचा हवेचा टायर जन्माला आला तोच मुळी वाईट रस्त्यांसाठी. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या स्कॉटिश माणसानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली, कारण भरीव रबराच्या चाकांवर दगडी रस्त्याचे धक्के पोराला सोसत नव्हते. डनलॉप पेशानं जनावरांचे डॉक्टर होते. शर्यतवाल्यांनी त्यांचा टायर उचलला तो नंतर.

रुंदी

आपल्याकडच्या मिश्र वाटेला टायरची रुंदी 35 ते 45 मिलिमीटर असावी. इंचात म्हणाल तर साधारण दीड ते पावणेदोन. माणूस वजनदार असेल, मागं दुधाचे कॅन किंवा पोतं असेल, किंवा वाटेचा निम्म्याहून अधिक भाग खडी-मुरमाचा असेल, तर 50 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे 1.95 इंचापर्यंत जावं. त्यापलीकडचे जाडजूड टायर, विशेषतः हल्ली पोरं हट्टानं मागतात ते चार इंची, रोजच्या दहा किलोमीटरसाठी घेऊ नयेत. ते दिसायला दणकट असतात, पण त्यांचं वजन आणि डांबरावरची ओढ दोन्ही पायांना सोसावी लागतात, आणि त्यांची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नसतं.

रुंद टायर जड चालतो, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. एकाच हवेला आणि एकाच वजनाखाली बारीक टायर जमिनीला लांबट टेकतो, रुंद टायर आडवा आणि आखूड टेकतो. टेकलेला भाग आखूड असल्यामुळं रुंद टायर कमी दबतो, आणि दबणं-उठणं यात जी शक्ती वाया जाते ती वाचते. रस्ता खडबडीत असेल तर आणखी एक गोष्ट घडते. बारीक, कडक टायर प्रत्येक खड्यावर सगळी सायकल आणि वर बसलेला माणूस उचलतो. तो धक्का कमरेत आणि मनगटात जिरतो, आणि पुढं नेणारी तेवढी ताकद कमी होते. मऊ रुंद टायर खडा पोटात घेतो आणि चाक पुढं जातं. शर्यतवाल्यांनाही हे उशिरा पटलं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या सायकलींना 23 मिलिमीटरचे टायर असत, आता 28-30 सर्रास दिसतात.

आणि आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या आजोबांची काळी सायकल, जिला आपण 28 इंची म्हणतो, तिच्या टायरवर 28 × 1½ असं लिहिलेलं असतं. तो टायर 40 मिलिमीटर रुंद असतो. खडी-मातीच्या रस्त्यांसाठी म्हणून जगभर ज्या नव्या महागड्या सायकली विकल्या जातात, त्यांचे टायर बहुधा 38 ते 45 मिलिमीटरचे असतात. म्हणजे दूधवाल्यांची आणि पोस्टमनची सायकल पहिल्यापासूनच योग्य रुंदीवर उभी आहे. घरात ती पडून असेल, चाकं सरळ असतील आणि चिमटा वाकलेला नसेल, तर नव्या सायकलीवर पैसे घालण्याआधी तिला दोन चांगले टायर आणि ट्यूब घालून पाहा.

मुलींच्या सायकलींचंही तसंच. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमधल्या, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या 8वी ते 12वीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं, आणि बीड जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. मुलींच्या बऱ्याच सायकलींना 26 × 1⅜ चा टायर असतो, म्हणजे 37 मिलिमीटर. रुंदी पुरेशी आहे. कमी पडतो तो टायरचा दर्जा आणि त्यातली हवा. शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पालकांनी या दोन गोष्टी बघितल्या तर वर्षभराची निम्मी पायपीट वाचेल.

टायरवरचा खरा आकडा

टायर बदलायला निघालात तर जुन्या टायरच्या बाजूवर उठवलेले आकडे लिहून न्या. "सव्वीस इंची द्या" एवढं सांगून चालत नाही, कारण 26 इंची म्हणून विकले जाणारे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. मुलींच्या सायकलचा 26 × 1⅜ हा टायर 590 मिलिमीटरच्या रिमवर बसतो. गिअरच्या किंवा 'रेंजर' छापाच्या सायकलचा 26 × 1.95 हा 559 च्या रिमवर. अपूर्णांकाऐवजी दशांश चिन्ह आलं, की रिम बदलली असं समजा. तसंच काळ्या सायकलचा 28 × 1½ हा 635 चा, तर नव्या हायब्रिड सायकलीचा 700C हा 622 चा. फरक 13 मिलिमीटरचा, पण टायर बसणार नाही तर नाहीच.

यावर उपाय म्हणजे टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत असलेली, मधे आडवी रेघ असलेली संख्या शोधणं : 40-635, 37-590, 50-559, 37-622 अशी. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला आकडा थोडा वरखाली चालतो, पण चिमटा आणि मडगार्डमध्ये जागा आहे का ते बघून. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा हवी. गेवराई, माजलगावच्या काळ्या मातीत राहत असाल तर त्याहून जास्त.

रिमची रुंदीही पाहावी लागते. रिमच्या आतल्या दोन काठांमधलं अंतर 19 मिलिमीटर असेल, तर 30 पासून 45 पर्यंतचा टायर नीट बसतो. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर वळणावर तो लचकतो आणि सायकल पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी वाटते.

काटा

टायर निवडण्याचा आपल्याकडचा खरा प्रश्न रस्त्याइतकाच काट्याचा आहे. बालाघाटाच्या उतारांवर, ओढ्याकाठी आणि पांदणीच्या दोन्ही अंगांना बाभूळ आणि वेडी बाभूळ माजलेली असते. शेतकरी बांध साफ करतात, कुपाटी घालतात, त्या फांद्या बैलगाडी-ट्रॅक्टरवरून वाहून नेतात, आणि काटे वाटेवर सांडतात. हे काम उन्हाळ्यात जास्त चालतं, म्हणून एप्रिल-मे आणि पेरणीआधीचे दिवस पंक्चरचे. दुसरा हंगाम पावसाळा संपल्यावरचा, सराट्याचा. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला टणक टोकं, आणि तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. तो साइडपट्टीवर आणि वाटेच्या कडेला पसरलेला असतो. समोरून ट्रक आला म्हणून सायकल साइडपट्टीवर उतरवली, की दोन्ही चाकांत चार-सहा सराटे. दिवाळीपासून पुढं दोन-तीन महिने साइडपट्टीवर उतरावं लागलं, तर पुन्हा डांबरावर आल्यावर थांबून दोन्ही टायर हातानं चाचपावेत. सराटा रुतल्या रुतल्या ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो. चाकाच्या पुढच्या फेऱ्यांनी तो आत ढकलला जातो.

या दोन काट्यांशी लढण्याचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. सराट्याचं टोक काही मिलिमीटरच लांब असतं. म्हणून टायरच्या पोटात, ग्रिपच्या खाली, रबराचा किंवा दाट विणलेल्या कापडाचा जादा थर असलेला टायर घेतला तर सराटा जवळपास हद्दपार होतो. असे टायर भारतीय कंपन्याही करतात, फक्त 'पंक्चर रेझिस्टंट' असं नाव वाचून न थांबता टायर हातात घेऊन मधोमध दाबून बघा. जादा थर बोटाला कळतो. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये हा थर 5 मिलिमीटर जाड असतो. तो जड आणि महाग आहे, पण रोज सराट्यातून जाणाऱ्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला त्याचा खर्च वर्ष-दोन वर्षांत वसूल होईल, असं मला वाटतं.

महागडा टायर नको असेल तर आपल्याकडची जुनी युक्ती अजून उत्तम आहे. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून टाका, ती आतल्या बाजूनं उभी चिरा आणि नव्या ट्यूब आणि टायरच्या मधे पट्टीसारखी अंथरा. पट्टीची दोन टोकं जिथं एकावर एक येतात तिथं धार राहू देऊ नका. कात्रीनं गोलसर कापा, नाहीतर ती धारच ट्यूब घासून भोक पाडते. आत थोडी टाल्कम पावडर टाकली तर रबरावर रबर घासत नाही.

बाभळीचा काटा मात्र वेगळा. तो चांगला दोन-तीन इंच लांब असतो, आणि सरळ उभा घुसला तर कुठलाही थर त्याला पुरत नाही. त्यासाठी ट्यूबमध्ये घालायचं सीलंट उपयोगी पडतं. मोटारसायकलच्या टायरमध्ये टाकतात तसंच, पण सायकलच्या ट्यूबसाठी बनवलेलं घ्या. बारीक भोकातून ते बाहेर येतं आणि तिथंच घट्ट होऊन भोक बुजवतं. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हची टोपण-नळी सहज निघते, त्यामुळं सीलंट घालणं सोपं. त्याचे दोन तोटे माहीत असू द्या. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून पाडव्याच्या सुमारास तपासून पुन्हा भरावं लागतं. आणि एकदा सीलंट घातलेली ट्यूब फाटली, की ओलसर चिकट रबरावर सोल्युशन धरत नाही. मग ठिगळ लावण्यापेक्षा ट्यूब बदलणंच बरं.

ट्यूबलेस टायरबद्दल बरेच तरुण विचारतात. काट्याच्या मुलखात तो उपाय चांगला आहे, यात शंका नाही. पण त्याला रिम वेगळी लागते, टायर वेगळा लागतो, बसवायला हवेचा जोरदार झोत लागतो. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला हे सहज होतं. धारूरच्या घाटात संध्याकाळी टायरची कड रिमवरून सुटली तर काय करणार, याचं उत्तर तुमच्याकडं असेल तरच त्या वाटेला जा. रोजच्या कामाच्या सायकलला मी तूर्त ट्यूबच सुचवीन.

खडीबद्दलही इथंच सांगतो. आपली खडी काळ्या बेसाल्ट दगडाची, क्रशरमध्ये फोडलेली. तिला धार असते. नदीतल्या गोट्यांवर टायरच्या बाजू फारशा कापत नाहीत, पण नव्यानं खडीकरण झालेल्या, अजून रोलर नीट न फिरलेल्या रस्त्यावर कापतात. म्हणून टायरच्या बाजू अगदी कागदासारख्या पातळ असतील तर तो टायर कितीही हलका आणि झकपक असला तरी परत ठेवा. टायर मुठीत दाबून बघितला, की बाजूचं कापड किती भरीव आहे ते समजतं.

हवा

चांगला टायर घेऊनही चुकीच्या हवेमुळं तो वाया जातो. आपल्याकडं दोन टोकं दिसतात. काहीजण कॉम्प्रेसरवर टायर दगड होईपर्यंत हवा मारतात, तर काहीजण रिम जमिनीला टेकेपर्यंत हवा बघत नाहीत.

टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त किती हवा चालेल ते लिहिलेलं असतं. ती कमाल मर्यादा आहे. रोज तितकी भरायची नसते. साधारण 65 किलोच्या माणसाला, काळ्या सायकलच्या 28 × 1½ टायरमध्ये मागं 45 पीएसआय आणि पुढं 35 च्या आसपास हवा मिश्र रस्त्याला ठीक पडते. 26 × 1.95 असेल तर मागं 38, पुढं 30. 700 × 35 असेल तर मागं 55, पुढं 42. पुढं कमी का, तर माणसाचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं, आणि पुढचं चाक मऊ असलं तर खडीत हँडल हिसके मारत नाही. मागं कॅरियरवर वीस किलो ओझं असेल तर मागच्या चाकात 6-8 पीएसआय वाढवा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. आठवडाभर चालवून दोन-तीन पीएसआय इकडं-तिकडं करून आपलं बसवून घ्या.

आता अडचण अशी, की काळ्या आणि मुलींच्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर साधं मीटर चालत नाही. त्यासाठी एक युक्ती. एखाद्या दिवशी टायर चांगला भरून, सायकलवर बसा आणि दुसऱ्याला मागच्या टायरकडं बघायला सांगा. तुमच्या वजनाखाली टायर खाली किंचित फुगलेला दिसला पाहिजे. अजिबात फुगला नाही तर हवा जास्त, आणि बाजूला सुरकुती पडली तर कमी. ती नेमकी हवा सापडली, की दुसऱ्या दिवशी टायर रिकामा करून आपल्या पंपाचे किती दट्टे मारले म्हणजे तिथं पोचतो, ते मोजून ठेवा. ती संख्या घरातल्या सगळ्यांना सांगा. अंगठ्यानं दाबून बघणं ही चांगली सवय आहे, पण जाड टायरवर अंगठा फसतो.

कॉम्प्रेसरवर भरायची वेळ आली तर सांभाळून. सायकलच्या ट्यूबचं पोट लहान, हवा दोन-तीन सेकंदांत भरून जाते. थांबत थांबत, छोटे झटके देत भरा. उन्हाळ्यात पहाटे भरलेली हवा दुपारी वाढते; टायरचं तापमान 25 अंशांनी चढलं तर 45 पीएसआयच्या टायरमध्ये जवळपास 5 पीएसआयची भर पडते. धड टायर ते सहज सोसतो. पण बाजूंना चिरा पडलेला जुना टायर, वरून कॉम्प्रेसरनं ठासून भरलेली हवा आणि एसटी स्टँडबाहेर दिवसभर उन्हात उभी सायकल हे तिन्ही एकत्र आलं, तर तो फुटतो. सायकल सावलीला लावायला पाच पावलं जास्त चालावं लागलं तर चाला.

हवा कमी राहिली तर काय होतं, ते पंक्चर काढणाऱ्या काकांना विचारा. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरल्यावर एकाच जागी शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, तर तो काटा नव्हे. खड्ड्याच्या काठावर टायर पुरता दबला आणि ट्यूब दगड व रिमच्या मधे चिरडली गेली. उपाय म्हणजे हवा वाढवणं किंवा टायर रुंद घेणं. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडं असेल, तर तारांची टोकं वर आलीत किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल, तर कमी हवेवर सायकल चालवल्यामुळं टायर रिमवर सरकला आणि व्हॉल्व्ह ओढला गेला. आणि भोकच सापडलं नाही तर व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर आतली छोटी रबरी नळी कुजली आहे. ती अगदी स्वस्त असते. दोन-तीन जवळ ठेवाव्यात. पंक्चर नुसतं बुजवून घेऊ नका, भोक कुठं होतं ते दर वेळी विचारा.

ग्रिप, आणि पावसातली काळी माती

दुकानात गेल्यावर डोळे पहिल्यांदा ग्रिपवर जातात आणि विक्रेताही तीच दाखवतो. आपल्या कामासाठी ती शेवटची गोष्ट आहे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, वेग कमी असतो. ओल्या डांबरावर पाणी कापायला त्याला खाचा लागत नाहीत, रबर लागतं. मोठमोठ्या ग्रिपचे टायर डांबरावर गुणगुणतात, वळणावर त्यांचे खुंट वाकतात आणि मधून लवकर झिजतात. मधोमध जवळपास सपाट आणि दोन्ही कडांना बारीक ठसे, असा टायर घ्या. सपाट पट्टा डांबरावर पळतो, आणि खडीत चाक थोडं रुतलं की कडांचे ठसे कामाला येतात.

अपवाद फक्त पाटोदा, आष्टी, शिरूर कासारकडच्या हलक्या मुरमाड जमिनीतल्या चढांचा. तिथं सुट्या मुरमावर मागचं चाक चढताना गरगर फिरतं. अशा ठिकाणी मागं जरा ठळक ग्रिप आणि पुढं सपाट, अशी जोडी लावायला हरकत नाही.

गोदाकाठच्या खोल काळ्या मातीसाठी मात्र कुठलाच टायर नाही, हे स्पष्ट सांगतो. ओली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक थांबवते. ग्रिप मोठी असेल तर आणखी भरते. पावसाळ्यात पांदणीचा तेवढा तुकडा टाळून मुरमाच्या वाटेनं फिरून जा, किंवा उतरून सायकल गवताच्या कडेनं चालवत न्या. कॅरियरला एक चपटी काडी अडकवून ठेवा, मडगार्ड मोकळं करायला. मडगार्डचा खालचा नट थोडा सैल करून ते टायरपासून वर उचलून बांधलं, तर जुलै ते सप्टेंबर बराच त्रास वाचतो. आणि शेतातून निघालेले ट्रॅक्टर जिथं डांबरावर चढतात तिथं रस्त्यावर मातीचे पट्टे पडलेले असतात. पहिल्या सरीनंतर ते साबणासारखे होतात. तिथं ब्रेक आधी लावा, मातीवर गेल्यावर नको, आणि हँडल सरळ ठेवा.

कोणतं चाक पुढं

टायर बदलताना आपल्याकडं एक पद्धत पडून गेली आहे : मागचा टायर आधी झिजतो, म्हणून नवा टायर मागं लावायचा आणि पुढचा जुना तसाच ठेवायचा. कधीकधी तर मागचा झिजलेला पुढं नेऊन लावतात. हे धोक्याचं आहे. मागचं चाक घसरलं तर माणूस पाय टेकवून सावरतो. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून नवा टायर पुढं लावा, पुढचा अर्धवट वापरलेला मागं घ्या आणि मागचा गोटा झालेला टाकून द्या. जास्त मेहनत लागते, पण विशेषतः शाळेच्या मुलांच्या सायकलीला हेच करा.

टायर कधी टाकायचा? ग्रिपखालचे धागे दिसायला लागले, बाजूला फुगा आला, किंवा कड रिममध्ये बसते तिथली तार उघडी पडली, तर त्याच दिवशी. बाजूंच्या बारीक चिरा उन्हाच्या असतात, त्या लगेच धोक्याच्या नसतात. पण नखानं उघडून आत कापड दिसलं तर तो टायर उन्हाळा काढणार नाही.

नवा टायर घ्यायच्या आधी आपल्या फाट्यावरच्या किंवा तालुक्याच्या दुकानात विचारून या, की या मापाची ट्यूब ठेवता का. 28 × 1½ आणि 26 इंची मापांबद्दल उत्तर बहुधा 'हो' येईल. 700C वाल्यांनी स्वतःची एक ट्यूब कायम पिशवीत ठेवावी. अगदीच अडलं तर 38-40 मिलिमीटरच्या 700C टायरमध्ये 28 × 1½ ची ट्यूब चालून जाते, पण रिमचं भोक मोठ्या व्हॉल्व्हचं असेल तरच. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हच्या भोकात ती जात नाही. ट्यूब घेताना शक्यतो ब्यूटाइल रबराची मागा. साध्या रबराच्या ट्यूबमधून हवा लवकर झिरपते आणि दर दोन-चार दिवसांनी पंप मारावा लागतो.

पिशवीत काय असावं, तेही सांगून ठेवतो. दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, कारण स्क्रू ड्रायव्हरनं टायर काढताना ट्यूबला दुसरं भोक पडतं. घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, चार-पाच ठिगळं, सोल्युशन, व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या, छोटा पंप आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना. चेनकव्हर असलेल्या सायकलचं मागचं चाक काढण्याच्या भानगडीत रस्त्यावर पडू नका. टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढा, भोक शोधा, ठिगळ लावा आणि तशीच आत सारा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काट्याचं टोक काढायला विसरू नका. फडकं फिरवलं तर जास्त चांगलं, बोट वाचतं. सोल्युशनची नळी एकदा उघडली, की काही महिन्यांत आतल्या आत वाळून जाते, आणि गरज पडते तेव्हा रिकामी निघते. म्हणून दर सहा महिन्यांनी नवी नळी घ्या, आणि जुनी उरली असेल तर शेजारच्या पोरांना देऊन टाका.